औषधाचा हात वेगळा, खाऊचा हात वेगळा

रानटी मांजर घरात आणायचं आणि तेही आजारी असेल, तर दोन कामं एकमेकांच्या आड येतात. औषध द्यायचं म्हणजे धरावं लागतं आणि धरलं की कमावलेला विश्वास गेला. भुरीला वाढवताना आमचा सगळा जीव या पेचातच अडकला होता, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आमचं घर सोलापुरात, अशोक चौकाच्या मागच्या बाजूला. शेजारचा यंत्रमागाचा कारखाना बंद पडलाय, त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये भुरी राहायची. माणूस दिसला की पसार. ऐन मे महिन्यात मात्र ती जागची हलेना. एक डोळा चिकटलेला, नाक वाहतंय, तोंडातून लाळ. बाहेर ४२ अंशांच्या पुढे पारा, पत्र्याखाली तर विचारूच नका. पिंजऱ्यात सुकट ठेवली, पण चोंदलेल्या नाकाला वास कुठून येणार? तव्यावर शेकून गरमगरम ठेवली, तेव्हा कुठे ती आत शिरली.

डॉक्टरांनी डोळे-नाक पाहून हर्पीस आणि कॅलिसी या विषाणूंचा संशय सांगितला. मांजरांच्या सर्दीमागे बहुतेकदा हेच दोघे असतात. ल्युकेमिया आणि एफआयव्ही या मांजरांची प्रतिकारशक्ती खचवणाऱ्या दोन विषाणूंची रॅपिड टेस्ट केली, ती निगेटिव्ह आली. तोंडात मात्र जीभेवर फोड आणि हिरड्या लालबुंद. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साठून जिवावर बेततं, त्यामुळे काहीही करून पोटात अन्न जाऊ द्या, असं त्यांनी बजावलं. शेजारच्या आजी मायेने म्हणाल्या, ‘अगं, तापाची अर्धी गोळी दे.’ पॅरासिटामॉल मांजराला विष आहे, अगदी थोडंसुद्धा. हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असायलाच हवं.

अडगळीची खोली रिकामी केली. खिडकीला ओला टॉवेल, कोपऱ्यात दोन बाजूंनी भोकं पाडलेलं खोकं, लांबच्या टोकाला वाळूचा ट्रे. आणि घरात एक नियम ठरला: औषध नवऱ्याने द्यायचं, खाऊ मी. तो जाड सोलापुरी टॉवेलात तिला मानेपर्यंत गुंडाळायचा, गोळी द्यायचा आणि लगेच सिरिंजने थोडं पाणी पाजायचा. डॉक्सीसायक्लिन या अँटिबायोटिकची गोळी कोरडी गेली तर अन्ननलिकेत अडकून जखम करते. तो टॉवेल फक्त औषधाचा, खोलीच्या बाहेर टांगलेला. खाण्यात औषध कधीच मिसळलं नाही. खाण्यावरचा भरवसा उडाला असता, तर माझ्या हातात दुसरं काहीच उरलं नसतं.

मी तासभर खाली बसायचे, तिच्याकडे पाठ किंवा कूस करून. पेपर मोठ्याने वाचायचे. उकडलेलं चिकन, मीठ-कांदा-लसूण काही नाही, कोमट करून लांब दांड्याच्या चमच्यावर. नजरेला नजर न देता सावकाश डोळे मिटायचे आणि उघडायचे. अशा डोळे मिटण्याला मांजरं प्रतिसाद देतात, हे इंग्लंडच्या ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलंय. भुरीने पहिल्यांदा उलटून डोळे मिटले, तेव्हा मी चमचा धरल्या हाताने रडले.

एकदा ओरखडा आलाच. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं हात धरला आणि थेट सिव्हिल गाठलं. रेबीजच्या लशीचे सगळे डोस घेतले. रस्त्यावरचं मांजर आहे, तिथे हयगय नको.

सर्दी गेली, डोळा उघडला, तरी खाणं सुधारेना. ती भुकेने ताटलीपाशी यायची, एक घास घ्यायची, ताटलीवरच फिस्कारायची आणि पंजाने तोंड ओरबाडत पळायची. पाहवत नसे. जेवणाचाच तिला राग येत होता, कारण दुखायचं तेव्हाच. हिरड्यांची ही सूज गोळ्यांनी तात्पुरती उतरते, पुन्हा येते. शेवटी पुण्याला नेऊन दाढा काढून घेतल्या, त्याच भुलीत नसबंदीही उरकली. दाढांशिवाय कशी खाणार, ही सासूबाईंची काळजी. पण मांजर फारसं चावत नाहीच, तुकडे गिळतं. जखम भरल्यावर भुरीने ताटली चाटूनपुसून स्वच्छ केली. मला वाटतं, तिचं माणसाळणं खरं सुरू झालं ते तिथून. दुखणाऱ्या जिवाने विश्वास तरी कशावर ठेवायचा?

पिल्लं दोन ते सात आठवड्यांची असताना माणसात आली तर सहज रुळतात. भुरीची ती वेळ शेडमध्येच गेली होती. ती मांडीवर बसत नाही आणि मी तसा हट्टही धरत नाही. हनुवटी खाजवून घेते, रात्री पायथ्याशी झोपते, पाहुणे आले की कपाटावर.

हर्पीस अंगात कायमचा दबून राहतो आणि ताण आला की डोकं वर काढतो. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला आमचं घर नातेवाइकांनी भरतं आणि हिच्या शिंका सुरू होतात. म्हणून आता संक्रांतीच्या आठवडाभर आधीच अडगळीची खोली झाडून तयार करतो. खोकं, ट्रे, तिची गोधडी आत. दाराला बाहेरून कडी, किल्ली सासूबाईंच्या कमरेला, आणि ताटली घेऊन आत जाणार ती फक्त मी.