नाटकानं गोळी थांबते का?

मी वस्त्यांमध्ये नाटकाच्या कार्यशाळा घेते. युद्धाच्या मुलखातल्या नाटकाचा विषय निघाला की कुणीतरी विचारतंच, "जिथं रोज गोळीबार, तिथं नाटक करून काय होणार हो?"

गोळी थांबत नाही, हे आधीच सांगून टाकते. दाखला जेनिनचाच देते, कारण आम्ही नाटकवाले तो फार गोड करून सांगतो.

इस्रायलच्या ताब्यातल्या वेस्ट बँक या पॅलेस्टिनी भागातली जेनिनची निर्वासित छावणी जेमतेम अर्धा चौरस किलोमीटर. पहिल्या इंतिफादात, म्हणजे इस्रायलविरुद्धच्या पॅलेस्टिनी उठावात, शाळा बंद पडल्या, तेव्हा आर्ना मेर-खमीस ही ज्यू इस्रायली बाई तिथल्या मुलांना शिकवायला जाऊ लागली. झुबैदी कुटुंबानं घराचा वरचा मजला दिला, त्यावर मुलांचं थिएटर उभं राहिलं. १९९५ मध्ये आर्ना वारली. दुसऱ्या इंतिफादात त्यातली काही मुलं बंदूक घेऊन मेली. एकानं इस्रायलमध्ये जाऊन बायकांवर गोळ्या झाडल्या आणि तोही मेला. २००२ च्या लष्करी कारवाईत थिएटरही गेलं. त्यामुळे नाटकानं मुलं 'मार्गाला लागतात' असं कुणी म्हणालं की मी गप्प बसते.

तरी २००६ मध्ये आर्नाचा मुलगा जुलियानो यानं तिथं फ्रीडम थिएटर काढलं. सोबत होता झकारिया झुबैदी, लहानपणी आर्नाच्या नाटकात काम केलेला आणि पुढे बंदूक उचललेला. मुलं-मुली एकत्र रंगमंचावर, हे छावणीतल्याच काहींना खुपलं. ४ एप्रिल २०११ ला थिएटरबाहेर जुलियानोचा खून झाला. शिक्षा कुणालाच नाही. डिसेंबर २०२३ मध्ये इस्रायली सैन्यानं थिएटरची नासधूस केली, २०२५ च्या सुरुवातीला छावणीच रिकामी करवली.

मग नाटक करायचं कशाला? मी फ्रीडम बस या उपक्रमाकडे बोट दाखवते. याच थिएटरची मंडळी हेब्रॉनच्या दक्षिणेकडच्या गावांत, जॉर्डन खोऱ्यात 'प्लेबॅक थिएटर' करत हिंडली. हा प्रकार १९७५ च्या सुमारास अमेरिकेत सुरू झाला. गावातलं कुणी खुर्चीत येऊन बसतं, आपली गोष्ट सांगतं आणि नट तालमीशिवाय तिथल्या तिथे ती करून दाखवतात. संहिता नाही, लेखक नाही. शेवटचा शब्द सांगणाऱ्याचा.

आमच्याकडे युद्ध नाही, बुलडोझर आहे. झोपडी पाडली त्या दिवसाची गोष्ट एका मावशींनी सांगितली. आमच्या नटीनं जीव ओतून हंबरडा फोडला. मावशींना विचारलं, "असंच झालं ना?"

"छे! रडले कुठं मी? शिव्या घातल्या त्याला."

बातमीदार, वकील, संस्थावाले, सगळे त्यांचं रडणंच लिहून घेऊन गेले होते. आम्हीही तेच केलं असतं, पण इथं मावशी समोर खुर्चीत बसलेल्या. प्रसंग पुन्हा केला, शिव्यांसकट. लोक पोट धरून हसले, दोघीतिघी मधूनच उठून आपापल्या शिव्या सुचवू लागल्या.

पुढच्या खेळाला मावशी शेजारणीला घेऊन आल्या. शेजारणीची तक्रार वेगळीच होती. आमच्या पोरांना शिव्या नीट देता येत नाहीत म्हणे.