उल्लेरीच्या पायऱ्या आणि घोरेपानीची रात्र

नेपाळला जाऊन पून हिल या टेकडीचा ट्रेक करायचं हे कॉलेजपासून डोक्यात होतं, शेवटी यंदा मार्चमध्ये जमलं एकदाचं. सगळे म्हणतात सोपा ट्रेक आहे, बिगिनर्ससाठी आहे, पण वाटेतल्या उल्लेरी गावाच्या त्या ३ हजारांहून जास्त दगडी पायऱ्या चढताना हे म्हणणाऱ्या प्रत्येकाची मला आठवण आली. पायऱ्या संपतच नाहीत हो! वरून खेचरं खाली येतात, त्यांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू आल्या की डोंगराच्या बाजूला उभं राहायचं, दरीच्या बाजूला नाही, नाहीतर धक्का लागला की गेलातच.

दुसऱ्या दिवशी मुक्काम घोरेपानी गावात, साधारण २८०० मीटरच्या वर. लॉजची खोली म्हणजे प्लायवूडच्या भिंती, शेजाऱ्यानं कूस बदलली तरी कळतं 😄 पण खाली डायनिंग हॉलमध्ये मोठी शेगडी, तिच्याभोवती सगळ्यांचे ओले मोजे वाळत घातलेले, आणि लॉजवाल्या दिदी दालभात परत परत वाढतायत. तिकडे दालभात मागाल तितका मिळतो, बाकी काही मागवलं तर एकदाच, त्यामुळे पिझ्झाच्या नादी लागू नका.

पहाटे साडेचारला टॉर्च लावून निघालो. पून हिलच्या माथ्यावर, ३२१० मीटरवर पोचलो तर सगळं धुकं, बोटं बधिर, मी वैतागून खाली निघणार इतक्यात समोरच्या धौलागिरी शिखराचं टोक गुलाबी झालं. फोटो एकच आला, तोही हललेला.