एक प्रत, दोन भावंडं आणि ह्यूगो मिळालेली कादंबरी

पुरस्कारप्राप्त विज्ञानकादंबऱ्या भावंडांनी मिळून वाचायच्या ठरवल्या की पहिला घोळ यादीतच होतो. ह्यूगो आणि नेब्युला हे त्यातले दोन मोठे पुरस्कार. ह्यूगोचं वर्ष हे पुरस्कार दिल्याचं वर्ष असतं, नेब्युलाचं वर्ष पुस्तक प्रसिद्ध झाल्याचं. त्यामुळे 'ड्यून'ला 1965चा नेब्युला आणि 1966चा ह्यूगो मिळाला असं वाचून ताई म्हणते एक, दादा म्हणतो दुसरं, आणि दोघंही बरोबर असतात. ह्यूगो 1953पासून आहे आणि तो वाचक देतात, म्हणजे वर्ल्डकॉन संमेलनाचे सभासद मत देतात. नेब्युला लेखकच लेखकांना देतात. आर्थर सी. क्लार्क पुरस्कार ब्रिटनमधला, परीक्षक मंडळाचा. 1997 साली तो अमिताव घोष यांच्या 'द कॅलकटा क्रोमोसोम'ला मिळाला होता. मलेरिया, त्यावर संशोधन करणारे रोनाल्ड रॉस आणि कोलकाता हे सगळं त्यात आहे. 'ही पुस्तकं सगळी गोऱ्यांचीच' असं घरात कोणी म्हणालं तर हे सांगावं. वाचायला मात्र ते सोपं नाही, सुरुवात त्याने करू नये.

सुरुवात आर्थर सी. क्लार्क यांच्याच 'राँदेव्हू विथ रामा'ने करा. 1973चं पुस्तक, ह्यूगो आणि नेब्युला दोन्ही मिळालेलं, अडीचशे पानांच्या आसपास, प्रकरणं छोटी छोटी. मराठी प्राथमिक शाळेतून पाचवीला इंग्रजीत गेलेल्या मुलाला आठवी-नववीत ते झेपतं. पात्रं पातळ आहेत हे खरं, पण पहिल्या पुस्तकाला ते पथ्यावरच पडतं, कारण बोलायला वस्तू भरपूर आहेत. आणि घरातली आजी विचारणारच, परक्या यानाचं नाव रामा कसं? त्याचं उत्तर पुस्तकातच आहे: ग्रीक-रोमन देवांची नावं संपली म्हणून खगोलशास्त्रज्ञ हिंदू देवांकडे वळले.

एक प्रत असेल तर आठवड्याला चाळीस पानं पुरे. धाकट्याने आधी वाचायचं, रविवार ते बुधवार. मोठ्याने गुरुवार ते शनिवार. उलटं केलं की मोठं भावंड पुढे पळतं आणि जेवताना नको ते बोलून जातं. धाकट्याच्या हातात पुस्तक जास्त दिवस राहिलं तर हळू वाचण्याची लाजही वाटत नाही. मोठ्याने थांबायच्या पानावर रबरबँड लावायचा, कारण खुणेची पट्टी सरकते किंवा सरकवली जाते. पणजीला पाटोवरच्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयातून प्रत आणली असेल तर पेन्सिलसुद्धा लावू नका. खुणा वहीत, पान क्रमांकासह. ही संस्था 1832पासूनची आहे, आपल्या समासातल्या शेऱ्यांची तिला गरज नाही.

शब्द अडला की कोश उघडायचा नाही. पानाला तीन शब्दांपर्यंत अडणं चालतं, पाच-सहा अडायला लागले तर पुस्तक दोन वर्षं लवकर घेतलंय असं समजा आणि ठेवून द्या. शिवाय विज्ञानकादंबरीतले निम्मे अडलेले शब्द लेखकाने बनवलेले असतात, ते कोशात सापडणारच नाहीत. पन्नासेक पानांत ते आपोआप उलगडतात. नाही उलगडले तर तीच चर्चा.

चर्चेचं म्हणाल तर 'आवडलं का?' हा प्रश्न पहिला विचारला की बैठक तिथेच संपते. 'हो.' झालं. त्याऐवजी मोजता येईल असं काहीतरी घ्या. रामा हे पोकळ दंडगोल यान, 50 किलोमीटर लांब, आतला व्यास 16 किलोमीटर, चार मिनिटांत स्वतःभोवती एक फेरी. आत भिंतीवर उभ्या माणसाला वजन किती वाटेल? अकरावीच्या मुलाला सूत्र माहीत असतं: चार पाय (π) वर्ग गुणिले त्रिज्या, भागिले फेरीच्या वेळेचा वर्ग. म्हणजे 39.5 गुणिले 8000, भागिले 240चा वर्ग 57,600. उत्तर साधारण 5.5, पृथ्वीवरच्या 9.8 च्या निम्म्याहून थोडं जास्त. पन्नास किलोच्या माणसाला आपण अठ्ठावीस किलोंचे झालो असं वाटेल. चुका ठरलेल्या असतात. व्यासच त्रिज्या म्हणून घातला तर 11 येतं, म्हणजे पृथ्वीपेक्षा जास्त. मिनिटांचे सेकंद करायचे राहिले तर उत्तर वीस हजारांच्या घरात जातं आणि रामातले सगळे अंतराळवीर पापड होतात. हे कळलं की अक्षापाशी तरंगणारी माणसं जिना उतरताना हळूहळू जड का होतात ते वेगळं समजवावं लागत नाही.

दुसरा प्रश्न त्याच पुस्तकातला. आत एक गोल समुद्र आहे, त्याचा उत्तरेचा कडा 50 मीटरचा आणि दक्षिणेचा 500 मीटरचा. का? हा प्रश्न उत्तर येण्याआधीच्या प्रकरणाला थांबून विचारायचा. अर्धी भरलेली बादली कदंब बसमध्ये (म्हणजे गोव्याच्या एसटीत) पायाशी ठेवून ड्रायव्हरने अचानक गाडी काढली की पाणी कुठल्या बाजूने सांडतं, एवढं सांगा. पुढचं त्यांचं त्यांनी.

'द थ्री-बॉडी प्रॉब्लेम' दुसरं घेऊ नका, मोह कितीही झाला तरी. मूळ चिनी कादंबरीचा केन लिउ यांचा हा इंग्रजी अनुवाद 2015चा ह्यूगो घेऊन गेला. पण तो चीनच्या सांस्कृतिक क्रांतीतल्या मारहाणीने सुरू होतो. बारा वर्षांच्या मुलाला ते पान जड जाईल, आणि इतिहास माहीत नसेल तर नुसतंच जड जाईल. चिनी पुस्तकात तो भाग मध्यावर होता, अनुवादात पुढे आणला. मोठी भावंडं वाचत असतील तर नावांची चिठ्ठी पुस्तकात ठेवा: आडनाव आधी येतं, नाव मागून. हे न सांगितल्यामुळे बाप आणि मुलगी एकच माणूस समजून तीस पानं वाचणारे कमी नाहीत.

आता खरी गंमत. पुस्तक इंग्रजी आणि बोलणं मराठीत असेल तर काही कादंबऱ्या मराठीच जास्त उघडते. 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस'मधली माणसं महिन्यातले बहुतेक दिवस ना पुरुष ना स्त्री. लेखिका उर्सुला ले ग्विन इंग्रजीत सगळ्यांना 'ही' (he) म्हणते. त्याचं तिने आधी समर्थन केलं, पुढे मत बदललं. इंग्रजीत हा प्रश्न सर्वनामापुरता राहतो. मराठीत 'पंतप्रधान थकून आला' म्हणायचं की 'आली', हे ठरवल्याशिवाय वाक्यच पुरं होत नाही. धाकट्याने 'आला' म्हटलं आणि ताईने 'आली', तर थांबायचं आणि विचारायचं: पुस्तकात असं काय वाचलंस की 'आला' वाटलं? कोणत्याही तयार प्रश्नावलीपेक्षा हा प्रश्न बरा. पुस्तक मात्र पंधराच्या पुढच्यांसाठी.

त्याहून अवघड 'अ‍ॅन्सिलरी जस्टिस', ज्याला ह्यूगो, नेब्युला आणि क्लार्क तिन्ही मिळाले. निवेदकाच्या भाषेत लिंगभेद नाही, म्हणून तो सगळ्यांनाच 'शी' (she) म्हणतो. बघा, मी आत्ताच 'तो म्हणतो' लिहिलं. निवेदक मुळात एक जहाज होतं, आणि जहाज मराठीत नपुंसक. मग त्याचं वाक्य सांगताना 'मी गेलो', 'मी गेले' की 'मी गेलं'? तिसरं मराठीत कोणी म्हणत नाही. पण गोव्यात दारात कोकणी आहेच. 'हांव गेलें' म्हणणारी धाकटी मुलगी प्रत्येक वाड्यावर भेटते, आणि तिच्याबद्दल घरचेही 'तें आयलें' म्हणतात. मराठीत 'ते आलं' ऐकलं की मांजर किंवा तान्हं मूल डोळ्यांपुढे येतं, कोकणीत तसं होत नाही. या पुस्तकावर बोलताना कोकणीचं नपुंसकलिंग उसनं घ्या, बिनदिक्कत. एकच अट: एकदा धरलेलं रूप प्रकरण संपेपर्यंत सोडायचं नाही, नाहीतर कोण कोणाबद्दल बोलतंय याचा पत्ता लागत नाही.

दोन इंग्रजी पुस्तकांच्या मध्ये एक मराठी असावं. जयंत नारळीकरांचं 'प्रेषित' किंवा 'वामन परत न आला'. लहान आहेत, चार दिवसांत होतात, आणि वाचनाचा वेग कमी असलेल्या भावंडाला मध्येच एकदा पुढे राहता येतं.

जुलैत पुस्तकाला बुरशी धरते. ओलसर वाटलं तर प्लास्टिकच्या पिशवीत घालू नका, आतल्या आत ती वाढते. पुस्तक पंख्याखाली उभं उघडून ठेवा, सुकल्यावर कोरड्या फडक्याने पुसा, आणि कपाटात भिंतीपासून दोन बोटं पुढे लावा.

गणेश चतुर्थीला वाचन होत नाही, ते धरूनच वेळापत्रक करा. पण चुलत-मावस भावंडं मूळ घरी जमतात तेव्हा मतदान उत्तम होतं. पद्धत ह्यूगोचीच: प्रत्येकाने वाचलेली पुस्तकं पसंतीच्या क्रमाने लिहायची. सर्वांत कमी पहिल्या पसंतीचं पुस्तक बाद, त्याच्या चिठ्ठ्या पुढच्या पसंतीला, असं निम्म्याहून जास्त मतं एकाकडे जाईपर्यंत. दोघांतच केलं तर बरोबरी होते, किमान पाच जण हवेत. आणि यादीत 'कोणालाच नाही' हा पर्याय ठेवा. ह्यूगोच्या मतपत्रिकेवर तो असतो, आणि सगळ्यांत धाकट्याला तोच सगळ्यांत आवडतो.