इंकस्केपमध्ये आकाशकंदिलाची चांदणी आखताना: माझा अनुभव

जाड कागदाची, घड्या घातलेली पाच टोकांची चांदणी पट्टी आणि कोनमापक घेऊनही आखता येते. पण तोच साचा बऱ्याच जणांना द्यायचा असल्याने तो संगणकावर एकदाच नेमका तयार करावा, असे मी ठरवले आणि त्यासाठी इंकस्केप हे रेखाचित्रे काढण्याचे विनामूल्य सॉफ्टवेअर निवडले. त्यात तारे आणि सुसम बहुभुजाकृती काढण्याचे साधन एकच आहे. वरच्या पट्टीतील दोन बटणांपैकी एकाने पंचकोन, षट्कोन मिळतात, तर दुसऱ्याने तारा.

'कॉर्नर्स'पुढे 5 लिहिले की टोके ठरतात, मात्र चांदणीचे रूप 'स्पोक रेशो' या आकड्यावर अवलंबून असते. केंद्रापासून आतल्या कोपऱ्याचे अंतर हे टोकाच्या अंतराच्या किती पट आहे, ते हा आकडा सांगतो. मूळचा 0.5 तसाच ठेवला, तर चांदणी बसकी दिसते. सुसम पंचकोनाचे पाचही कर्ण काढल्यावर जी रेखीव चांदणी उमटते, ती हवी असेल तर 0.382 लिहावे लागते. मग एका टोकाची कड पलीकडच्या टोकाच्या कडेशी सरळ एका रेषेत येते. (दोन समभुज त्रिकोणांची षट्कोनी चांदणी हवी असल्यास हाच आकडा 0.577 असतो.) 'राउंडेड' (कोपऱ्यांची गोलाई) आणि 'रँडमाइज्ड' (आकारातला वेडावाकडेपणा) हे दोन्ही आकडे शून्य आहेत ना, हेही पाहून घ्यावे, कारण आधीच्या आकृतीची मूल्ये तिथे तशीच राहतात.

टोकापर्यंतची त्रिज्या 100 मिलिमीटर घेतली, तर सरळ उभ्या चांदणीची रुंदी सुमारे 190 मिलिमीटर होते आणि ती 210 मिलिमीटर रुंदीच्या ए-फोर कागदावर व्यवस्थित मावते. आकृतीवरची पकड (आकार बदलण्यासाठी दिसणारा छोटा ठिपका) माउसने ओढून आकार बदलताना कंट्रोल कळ दाबून ठेवणे मला फार महत्त्वाचे वाटते. ती दाबली नाही तर टोके एका बाजूला पिळवटतात आणि घड्यांच्या रेषा चुकतात.

या घड्यांचे गणित मला सर्वांत आवडले. पाच टोकांच्या चांदणीत प्रत्येक टोकाच्या अगदी समोर आतला कोपरा येतो. त्यामुळे 'स्नॅपिंग' (रेषेचे टोक जवळच्या बिंदूला आपोआप चिकटवणारी सोय) सुरू ठेवून टोकापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत केवळ पाच रेषा ओढल्या की दहाही घड्या मिळतात आणि केंद्र आपोआप सापडते. केंद्रापासून टोकाकडे जाणारी घडी वर उचलायची आणि कोपऱ्याकडे जाणारी आत दाबायची. अशा दोन चांदण्यांच्या कडा जोडल्या की कंदील तयार होतो.

कापण्याच्या यंत्रासाठी फाइल द्यायची असेल, तर आकृतीचे साध्या रेषांत रूपांतर करणारी 'ऑब्जेक्ट टू पाथ' ही आज्ञा अगदी शेवटी आणि प्रतीवरच द्यावी, कारण त्यानंतर टोकांची संख्या किंवा गुणोत्तर बदलता येत नाही. प्रिंट काढताना प्रमाण 100 टक्के ठेवावे. कागदात बसवण्याचा पर्याय निवडल्यास मापे बदलू शकतात.