नोंदवही : थॉमस मिचेलचे तीन मद्यपी आणि पुढचा टप्पा

अभिजात हॉलिवूडचे चित्रपट तारे-तारका किंवा दिग्दर्शक यांच्या क्रमाने न पाहता चरित्र अभिनेत्यांच्या क्रमाने पाहायचे, या उपक्रमातील थॉमस मिचेलचा टप्पा आता पूर्ण झाला आहे. १९३९ या एकाच वर्षात त्याचे पाच चित्रपट प्रदर्शित झाले आणि ते चार निरनिराळ्या निर्मितीसंस्थांचे होते. त्यांपैकी ‘गॉन विथ द विंड’मधील स्कार्लेटचे वडील बहुतेकांना आठवतात, मला मात्र ती भूमिका पाचांतली सर्वांत ढोबळ वाटली.

खरा आनंद मिळाला तो त्याने रंगवलेली पिणारी माणसे शेजारी शेजारी ठेवून पाहताना. ‘स्टेजकोच’मधला डॉक्टर बून हा गावाने हाकललेला दारुडा असला, तरी मिचेल त्याला एखाद्या पदच्युत सरदाराचा डौल देतो, डोनाल्ड मीकने साकारलेल्या भिडस्त मद्यविक्रेत्याच्या नमुन्यांची पेटी तो ज्या अगत्याने सांभाळतो, त्यात लबाडी आणि सौजन्य यांची सीमारेषाच पुसली जाते. पुढे बाळंतपणाची वेळ येते आणि हाच माणूस कडक काळ्या कॉफीचे पेले एकामागून एक मागवून शुद्धीवर येतो, तेव्हा पूर्वीचा डौल निव्वळ सोंग नव्हता, हे उमगते. ‘मिस्टर स्मिथ गोज टू वॉशिंग्टन’मधला वार्ताहर डिझ पितो तो सारे काही आधीच पाहून चुकल्यासारखा, आणि म्हणून त्याचे झिंगणे जवळजवळ हालचालीविना, केवळ आवाजातून दिसते. याउलट ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ (१९४६) मधील अंकल बिली आठवण राहावी म्हणून बोटांना दोरे बांधणारा विसराळू जीव आहे. आठ हजार डॉलर वर्तमानपत्रात गुंडाळून शत्रूच्याच हाती देऊन बसल्यावर त्याची जी तारांबळ उडते, ती पाहताना हसू येता येता थांबते. तीन मद्यपी, पण एकाची लकब दुसऱ्यात सापडत नाही.

‘स्टेजकोच’साठी मिचेलला सहायक अभिनेत्याचे ऑस्कर मिळाले. त्या काळी या विभागातील विजेत्यांना बाहुली न देता फलक दिला जात असे. दुय्यम कलावंतांचे मोल हॉलिवूड स्वतः कसे करीत होते, याचा याहून बोलका पुरावा शोधण्याची गरज नाही.

मिचेलच्याच मागावर असताना ‘मेक वे फॉर टुमॉरो’ (१९३७) पाहिला आणि वाट ब्यूला बॉन्डीकडे वळली. त्यात ती मिचेलची वृद्ध आई आहे, परंतु प्रत्यक्षात दोघांच्या वयात अवघ्या तीनेक वर्षांचे अंतर होते. रंगभूषेचे श्रेय मान्य करूनही वाटते की वार्धक्य तिच्या बसण्यात आहे. सुनेचा ब्रिज या पत्त्यांच्या खेळाचा वर्ग भरलेला असताना तिची झुलती खुर्ची करकरत राहते आणि आपण अडचण होत आहोत याचा तिला पत्ताच नसतो. त्यानंतर त्याच खोलीत ती दूर राहणाऱ्या नवऱ्याशी दूरध्वनीवर मोठमोठ्याने बोलते, तेव्हा आधी संकोचलेले पाहुणे हळूहळू गप्प होतात. नायक-नट जेम्स स्ट्युअर्टची आई तिने चार चित्रपटांत साकारली; त्यांपैकी ‘ऑफ ह्यूमन हार्ट्‌स’ अजून पाहायचा आहे.

सध्या थेल्मा रिटर सुरू आहे. सहा नामांकने आणि एकही ऑस्कर नाही, हा हिशेब सर्वांना ठाऊक असतो. १९४७ साली, वयाच्या पंचेचाळिशीच्या सुमारास, श्रेयनामावलीत नाव नसलेल्या छोट्याशा भूमिकेतून ती पडद्यावर आली, हे कमी जणांना. ‘ऑल अबाउट ईव्ह’मध्ये कारस्थानी ईव्हचा पहिला संशय तिने साकारलेल्या बर्डीलाच येतो, पण उत्तरार्धात पटकथा तिला जवळजवळ विसरून जाते, आणि हा मला त्या चित्रपटातील उघड दोष वाटतो. ‘पिकअप ऑन साउथ स्ट्रीट’ (१९५३) मात्र तिला पुरेसा अवकाश देतो. टाय विकणारी आणि पोलिसांना खबरा पुरवणारी मो, बेवारस प्रेतांच्या दफनभूमीत आपल्याला पुरले जाऊ नये म्हणून पैसे साठवते. मारेकऱ्यासमोरचा तिचा थकलेला संवाद मी मागे-पुढे करून पाहत आहे, कारण त्यात ती दयेची याचना नेमकी कुठे टाळते, हे अजून नीट टिपता आलेले नाही. तिच्यानंतर क्लॉड रेन्स घेण्याचा विचार आहे.