जाऊबाई रेल्वेच्या यादीत नाहीत

गटाने फिरायला जायचं ठरलं की "कुठे जायचं" हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारावा, असं माझं आता पक्कं मत झालंय. आमची भिशी अकरा जणींची. बेळगावातल्या शहापूर, वडगाव, टिळकवाडी असा गोतावळा, वयं अठ्ठाविसापासून त्रेसष्टपर्यंत. "एकदा कुठंतरी जाऊया की गे" हे दर भिशीला चहाबरोबर निघायचं आणि कपबशा उचलेपर्यंत विरून जायचं.

मी सोसायटीत कॅशला बसते. तोंडी होकाराला किती अर्थ असतो ते रोज बघते. म्हणून गणपती उठल्यावर मी ग्रुपवर ठिकाण विचारलंच नाही. एवढंच लिहिलं, सप्टेंबर ते फेब्रुवारी भिशीबरोबर ७५० रुपये जादा द्यायचे, सहा महिन्यांत प्रत्येकीचे ४,५०० होतात, त्यात जाणं-येणं, राहणं, खाणं बसवायचं. तिकिटं काढल्यावर कुणी गळालं तर तिकिटाचे पैसे परत नाहीत. शेवटच्या अटीवर दोन दिवस कुजबूज झाली. खरं पैसे सगळ्यांचे आले.

मग ठिकाण. पुणं पहिल्या फेरीतच बाद, कारण पुण्याला गेलं की निम्म्या जणी नणंदेकडे नाहीतर बहिणीकडे उतरणार आणि उरलेल्या लॉजवर एकमेकींची तोंडं बघणार. मुंबईचा फेब्रुवारी-मार्च म्हणजे घामाच्या धारा. बेंगळूरला मात्र त्याच दिवसांत झाडं गुलाबी होतात. टॅबेबुया म्हणतात त्या झाडाला, पानं गाळून नुसती फुलं धरतं. त्यात आपलंच राज्य, म्हणजे कर्नाटकाच्या शक्ती योजनेत बायकांना बस फुकट, हा मुद्दा वडगावच्या अक्कांनी जोरात मांडला.

तारीख ठरवायला शहरापेक्षा जास्त वेळ गेला. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू, म्हणून जानेवारी नाही. माघी पौर्णिमेच्या आसपास दोघींच्या घरी सौंदत्तीला यल्लम्माला जाणं. मार्चमध्ये बारावीच्या आणि पाठोपाठ दहावीच्या परीक्षा, शिवाय माझा आणि बँकेतल्या वहिनींचा मार्च एंड. एप्रिलपासून गावोगावच्या जत्रा, पै-पाहुणे. राहता राहिला फेब्रुवारीचा चौथा शनिवार. त्या दिवशी बँकेला सुट्टी. शिक्षिका असलेल्या दोघींना फक्त शनिवारची अर्धी शाळा बुडवायची. माझ्या डायरीत याला "तारीख निवडली" असं लिहिलंय, खरं तर तेवढीच उरली होती. (विषम सालांत फेब्रुवारीत बेंगळूरच्या येलहंक्याला एअर शो असतो आणि तेव्हा शहरातल्या खोल्यांचे दर चढतात, तेवढं मात्र आधी बघून घ्यावं.)

जायचं कसं, यावर खरी जुंपली. फुकटची लाल बस काहींच्या डोक्यातून जाईना. रस्त्याने पाचशे किलोमीटर, रात्रभर बसून. शक्ती साध्या आणि एक्स्प्रेस बसला लागू आहे. राजहंस, ऐरावत अशा आरामबसना आणि स्लीपरला नाही. "गुडघे तुझे, तूच ठरव," असं त्रेसष्टच्या काकूंनी अक्कांना सांगितलं आणि बस बाद झाली. वंदे भारत दिसायला छान, खरं पहाटे निघून दुपारी पोचते, म्हणजे शनिवार अर्धा गाडीतच. आम्ही शुक्रवारी रात्री निघणारी, बेळगावहूनच सुटणारी सुपरफास्ट धरली. परतीला रविवारी रात्रीची. सोमवारी सकाळी स्टेशनवरून घर, घरून ऑफिस.

तिकिटं काढताना जे कळलं ते नीट लिहिते, कारण याची माहिती कुणी देत नाही. आरक्षण आता साठ दिवस आधी खुलतं, आधीसारखं १२० नाही. म्हणजे फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्याची तिकिटं डिसेंबर संपता संपता, सकाळी आठला. परतीची त्यानंतर दोन दिवसांनी. एका तिकिटावर सहा जण मावतात, तेव्हा सहा आणि पाच अशी दोन तिकिटं काढून मोकळं व्हावं असं कुणालाही वाटेल. पण पंचेचाळीस वर्षांवरच्या बायकांना खालच्या बर्थचा वेगळा कोटा असतो आणि तो एका तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी असले तरच मिळतो. आमच्यात अशा सात जणी. म्हणून दोन-दोनची तीन, एक एकटीचं आणि उरलेल्या चौघींचं एक, अशी पाच तिकिटं. ज्यांच्या खात्याला आधार जोडलेलं आहे अशा पोरापोरींना एकेक तिकीट वाटून दिलं. बिनआधारच्या खात्याला सुरुवातीच्या वेळेत तिकीट काढता येत नाही. सातही जणींना खालचे बर्थ मिळाले. डबे मात्र दोन झाले आणि रात्री चिवड्याचा डबा या डब्यातून त्या डब्यात फिरत राहिला.

निघायच्या आठवड्यात टिळकवाडीच्या वहिनींच्या सासूबाई पाय घसरून पडल्या. वहिनी रद्द. त्यांची जाऊ मात्र तयारच होती, बॅग भरून. "माझं नाव घाला की त्यांच्या जागी." रेल्वेत असं करता येतं. गाडी सुटायच्या चोवीस तास आधी आरक्षण खिडकीवर अर्ज, तिकिटाची प्रत, ओळखपत्र आणि नात्याचा पुरावा द्यायचा, पक्कं तिकीट घरच्या माणसाच्या नावावर होतं. खिडकीवरच्या बाईंनी यादी वाचून दाखवली: आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, नवरा, बायको.

"जाऊ?"

"जाऊ नाही."

एका चुलीवर जेवणाऱ्या दोघी, खरं रेल्वेच्या लेखी कुणी कुणाच्या नाहीत. शेवटी वहिनींची कॉलेजातली मुलगी आली. वहिनींचं तिकीट चौघींच्या साध्या तिकिटात होतं म्हणून जमलं, कोट्यातलं असतं तर आणखी घोळ झाला असता. जाऊबाईंनी रुसवा न धरता एका साडीचा फोटो आणि पैसे पाठवून दिले: बेंगळूरला साड्यांच्या बाजारात, चिकपेठेत, ही बघा.

राहण्याबद्दल एकच सांगते. गाडी सकाळी पोचते आणि लॉजवाले बारा वाजता खोली देतात. अकरा जणींना आंघोळीशिवाय दुपारपर्यंत फिरवणं शक्य नव्हतं, म्हणून एक खोली आदल्या रात्रीपासूनच घेतली आणि पाळीपाळीने आवरलं. बाकीच्या खोल्या बारानंतर. लॉज नॅशनल कॉलेज मेट्रो स्टेशनच्या जवळचं घेतलं. गांधीबाजार, लालबाग, चिकपेठ सगळं हिरव्या लाइनीवर किंवा चालत.

उतरल्या उतरल्या नंदगडच्या मावशी प्लॅटफॉर्मवरच थांबल्या. स्टेशनला नाव इंग्रजांशी लढलेल्या क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णांचं. संगोळ्ळी बैलहोंगल तालुक्यातलं आणि १८३१ मध्ये त्यांना फाशी झाली ती मावशींच्या नंदगडला. "आमच्या गावच्या समाधीला मी लहानपणापासून पाया पडत्ये," म्हणत त्यांनी पाटीखाली फोटो काढून घेतला आणि मागून येणाऱ्या हमालांची वाट अडवली.

शनिवारचा कार्यक्रम मी मुद्दाम अर्धाच ठेवला होता. सकाळी विद्यार्थी भवनचा डोसा (१९४३ पासूनचं हॉटेल, शुक्रवारी बंद असतं). दारात नाव लिहायचं आणि थांबायचं. अकरा जणींना एकत्र टेबल मिळेल ही आशा तिथं धरू नये. दुपारनंतर ज्यांना विधानसौध, म्हणजे कर्नाटकाचं विधानभवन, आतून बघायचं त्या तिकडे गेल्या. रविवारी आणि दुसऱ्या-चौथ्या शनिवारी मार्गदर्शकासह दाखवतात, आधी ऑनलाइन नोंदवावं लागतं. "आमच्या हलग्याचं सुवर्णसौध बाहेरूनच बघून झालंय, हे तरी आतून बघू," असं बँकेतल्या वहिनी बेळगावच्या विधानभवनाला उद्देशून म्हणाल्या. बाकीच्या चिकपेठेला.

बेंगळूरच्या साध्या शहर बसमध्ये (बीएमटीसी) सगळ्यांनी आधार दाखवून शून्य रुपयांची तिकिटं घेतली. आमची चंदगडची सूनबाई तेवढी पैसे देऊन. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, आधारवर पत्ता अजून माहेरचा, म्हणजे महाराष्ट्राचा. कंडक्टरने कार्ड उलटसुलट करून परत दिलं. दोन दिवस सगळ्या तिला "पाव्हणी" म्हणत होत्या.

चिकपेठेत सूत्रं अक्कांच्या हातात. त्यांच्या घरी वडगावात माग आहेत. दुकानदाराने जाऊबाईंच्या फोटोसारखी साडी गादीवर उलगडली, अक्कांनी ती उचलून पदराची उलटी बाजू वर घेतली. सुटे धागे नखाने चाचपले, जर दोन बोटांत चोळून उजेडात धरली, काठ जिथं अंगाला जोडतो तिथं हलकेच ताणून बघितलं. दुकानदार रंगाबद्दल बोलत होता, या मागच्या बाजूनेच साडी वाचत होत्या. मग कानडीत दर विचारला आणि मराठीत मला म्हणाल्या, "असली आमच्याकडं ह्याच्या पाऊण दरात उतरत्ये." तीन दुकानांत हेच. बाकीच्यांनी हौसेने घेतलं ते घेतलं, जाऊबाईंची साडी तेवढी राहिली.

रविवारी मेट्रो सात वाजता सुरू होते, त्यामुळे पहाटे उठायचा हट्ट कुणी केला नाही. एका मोबाइल तिकिटावर सहा जण चालतात, दोन तिकिटांत काम झालं. कब्बन पार्कात रविवारी गाड्यांना बंदी, रस्ते मोकळे. गुलाबी झाडांखाली काकू चप्पल काढून बसल्या त्या तासभर उठल्याच नाहीत. वहिनींच्या मुलीने वाचून दाखवलं की क्रुम्बिगल नावाचा जर्मन बागशास्त्रज्ञ १९०८ मध्ये म्हैसूर संस्थानात आला आणि वर्षभर पाळीपाळीने काही ना काही फुलत राहावं अशा हिशेबाने झाडं लावण्याची कल्पना त्याने इथं रुजवली. काकू म्हणाल्या, "आमच्या भिशीसारखंच की." दुपारी लालबाग, तिथला खडक चढायला निम्म्याच जणी.

परत आल्यावर त्याच आठवड्यात हिशेब ग्रुपवर टाकला, बिलांच्या फोटोंसकट. माणशी २१० रुपये उरले. जाऊबाईंचे पैसे अक्कांकडे दिले आणि अक्कांनी घरच्या मागावरची त्याच रंगाची साडी धाडली. उरलेले पैसे परत वाटायचे की मार्च एंड झाल्यावर पुढच्या खात्याला ओढायचे, यावर अजून एकमत नाही. तोवर ते माझ्याकडे जमा आहेत, पावती दिलेली आहे.