बाबांचं घोरणं

आज बाबांच्या स्लीप स्टडीचा रिपोर्ट आला. झोपेत तासाला 42 वेळा श्वास अडतोय किंवा अगदी मंदावतोय, दर वेळी किमान 10 सेकंद. 30 च्या वर गेलं की हा आजार, म्हणजे स्लीप अ‍ॅप्निया, तीव्र समजतात. आणि आम्ही इतकी वर्षं म्हणायचो, बाबांना काय गाढ झोप लागते! घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट मिटते, ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकून जागा होतो. रात्रभर हेच. फार वाईट वाटलं.

डॉक्टरांनी सीपॅप मशीन दिलंय. मास्कमधून हवेचा दाब येतो नि वाट उघडी राहते. वजनही उतरवायचंय.

आत्ता साडेअकरा वाजलेत. बाबांच्या गालावर पट्ट्याचा वळ उमटलाय. खोलीत फक्त मशीनची बारीक घरघर. आई दारात उभी राहून ऐकतेय.